थोडीशी पीडा

नागोरावांना तेलुगू येत नव्हतं. आता ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. बोथ तालुक्यातल्या त्यांच्या पिपरखेडात कोणालाच येत नव्हतं. पण नागोरावांना तेलुगू येतं असं सगळं गाव समजत होतं, आणि गावाचा तो समज त्यांनी कधी मोडला नव्हता. दुखणं होतं ते इथं.

नागोराव बोथच्या तहसील कचेरीत चपराशी होते. निजामाच्या अमलात ते चार बुकं उर्दू शिकले होते, त्याच जोरावर त्यांना ही नोकरी लागली. त्यांच्या वस्तीतले बाकी सगळे तेव्हा दुसऱ्यांच्या वावरात राबत होते. पुढं निजाम गेला, आंध्र प्रदेश झाला आणि हळूहळू कचेरीची बोली बदलली. पेशकार, मिसल, जमाबंदी हे शब्द तेवढे राहिले, त्यांच्या मधलं सगळं तेलुगू झालं. साहेब बोलायचे, नागोराव मान हलवायचे आणि "सरे सार", म्हणजे बरं साहेब, म्हणायचे. पाणी, कागद, ये, जा, उद्या असे वीस-पंचवीस शब्द त्यांच्या पदरी होते. चपराशाला तेवढे पुरतात. उरलेलं साहेबाच्या हाताकडं बघून कळतं.

एकदा गावातला चंपत त्याच्या कामासाठी कचेरीत आला. त्यानं नागोरावांना साहेबापुढं "सरे सार" म्हणताना पाहिलं आणि गावात येऊन सांगितलं, "आपले नागोराव सायबासंगं फाडफाड तेलुगू बोलतेत." नागोराव तेव्हा ओसरीवरच बसले होते. ते नुसते हसले. त्या एका हसण्याची किंमत पुढं त्यांना फार पडली.

आंध्रात तालुके मोडून छोटी मंडळं व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. नागोरावांचा मुलगा खुशाल निर्मल गावच्या बस डेपोत कंडक्टर होता. त्यानं बापासाठी रेडिओ आणला. मोठा, लाकडी पेटीचा, चार सेलवर चालणारा. दिवेलागणीला नागोराव तो ओसरीवर मांडू लागले आणि हळूहळू तिथं माणसं जमू लागली. आधी वस्तीतली, मग वरच्या आळीतली. ज्या लोकांनी उभ्या जन्मात नागोरावांच्या अंगणात पाय ठेवला नव्हता, ते शेतकरी येऊन सतरंजीवर बसू लागले. चंपत आला. वच्छलाबाई आली. नवऱ्यामागं एकटीनं शेती करणारी ही बाई, तिच्या सासऱ्याच्या वावरात नागोरावांची आई निंदायला जायची. वच्छलाबाई त्यांना जन्मभर "नागो" म्हणत आली होती. रेडिओच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती "नागोराव भाऊ" म्हणाली. त्या दिवशी नागोरावांना जेवण गोड लागलं.

खरं तर रेडिओचा काटा नागपूर केंद्रावर ठेवला असता, तर सगळ्यांनाच सगळं समजलं असतं. चंपत एकदा म्हणालाही, "नागपूर लावा नं, आपल्या बोलीतलं हाय."

"नागपूर तिकडल्या राज्याचं सांगते," नागोराव म्हणाले. "आपला पाऊस हैदराबादच्या हुकमातला."

लोकांना ते पटलं. नागोरावांना मात्र मनातून ठाऊक होतं की, नागपूर लावलं तर त्यांची गरज उरणार नाही. म्हणून काटा हैदराबादवर जायचा, तेलुगू बातम्या लागायच्या, नागोराव डोळे मिटून ऐकायचे आणि संपल्यावर सांगायचे. चार शब्द ऐकलेले, चार कचेरीत कानावर पडलेले आणि बाकी अंदाज. मंत्री कुठं गेले, भाव काय झाले, यात थोडं इकडंतिकडं झालं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि ज्वारीची कापणी आटोपली. कणसं खुडून खळ्यांवर पडली होती, मळणी व्हायची होती. आभाळ कसं धुतल्यासारखं होतं. त्या संध्याकाळी रेडिओवर हवामान लागलं. सेल उतरलेले, त्यामुळं आवाज खरखरत होता. "बंगाळाखातंलो... अल्पपीडनं..." मग खरखर. मग "तेलंगाणा." मग पुन्हा खरखर आणि तिच्यात कुठंतरी "भारी" असा एक शब्द.

"काय म्हनते, नागोराव भाऊ?" वच्छलाबाईनं विचारलं. "माही कनसं उघड्यावर हायेत. चंपतच्या गोठ्यात जागा हाय. नेऊन टाकू काय?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. अल्प म्हणजे थोडं. पीडन म्हणजे पीडा, आणखी काय असणार? नागोरावांनी डोळे उघडले.

"बंगालच्या समुद्रात थोडीशी पीडा हाय म्हनते. अल्प. आपल्याकडं काई नाई."

बोलून झाल्यावर तो "भारी" त्यांच्या कानात पुन्हा वाजला. थोडं आणि भारी एकत्र कसं? पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द एवढ्या माणसांपुढं परत घेणं त्यांच्यानं झालं नाही.

आत चुलीपाशी त्यांची सून विमल भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. विमलचं माहेर निर्मल गावचं. तिचं घराणं मराठीच, पण शाळा तेलुगू, दहावीपर्यंत शिकलेली. ती दाराच्या आड येऊन उभी राहिली. नागोरावांना तिच्या पायाची बोटं आणि पदराचा काठ तेवढा दिसला.

"मामाजी..." ती हळूच म्हणाली.

"पानी आना, सूनबाई," नागोराव चटकन म्हणाले. "सगळ्यायले पानी आना."

तिनं पाणी आणलं. खाली मान घालून गडवे ठेवले आणि आत गेली. चार बाप्यांपुढं सासऱ्याचा शब्द कापणारी ती नव्हती. वच्छलाबाई पाणी पिऊन उठली. "थोडीशीच हाय तं राहू द्या," ती म्हणाली. "उगाच ओझे काहाले वाहू?"

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडून वारा सुटला. त्याच्या पुढच्या दिवशी आभाळ खाली उतरलं आणि झड लागली. अशी लागली की सूर्य कुठं उगवतो नि कुठं मावळतो ते कळेना. खळी चिखलानं भरली. ज्यांच्या घरात माणसं होती, त्यांनी पहिल्या सरीतच जमेल तेवढं उचललं. वच्छलाबाईच्या घरात ती एकटी.

उघडीप झाल्यावर नागोराव तिच्या खळ्यावर गेले. ती कणसं हातानं पसरून वाळत घालत होती. दाणे काळे पडले होते आणि कित्येकांना हिरवे, नाजूक मोड आले होते. आंबूस वास सुटला होता. नागोरावांना वाटलं, ही आता आपल्याला चार शब्द ऐकवणार. त्यासाठीच ते आले होते, म्हटलं तरी चालेल.

वच्छलाबाईनं मान वर केली. "बसा, भाऊ," ती म्हणाली. "तुमी कायले तोंड पाडून बसले? तुमी तं थो बोलला थेच सांगतलं. थो रेडिओच खोटारडा. त्यानं घात केला माहा."

बोलायची वेळ ती होती. बाई, रेडिओ खोटं बोलला नाही, असं म्हटलं असतं तर तिथंच सगळं निपटलं असतं. पण नागोरावांच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"सरकारी यंत्र हाय थे. त्याले काय आपल्या खळ्याचं पडलं! मेल्याले कीड पडो."

"पडो," वच्छलाबाई म्हणाली आणि पुन्हा कणसांकडं वळली. दोघांनी मिळून रेडिओला शिव्या दिल्या. मग नागोराव परत निघाले. आपण खरोखर काय चुकलो, हे तोवर त्यांना धड कळलंही नव्हतं. पण चुकलो एवढं कळलं होतं, आणि ते कळूनही आपण त्या बाईच्या शेजारी बसून दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडून आलो, हे त्यांना गिळवेना.

घरी बायको प्रयागबाई नदीवर गेली होती. विमल चूल पेटवत होती. नागोराव स्वयंपाकाच्या दारात उंबऱ्याअलीकडं बसले. सासऱ्यानं तिथं बसायची रीत नव्हती. विमल गडबडून उभी राहिली.

"बसा. त्या दिवशी तुमी काई सांगनार होत्या."

ती चुलीपाशी टेकली. मग म्हणाली, "मामाजी, पीडनं म्हंजे पीडा नाई. पीडनं म्हंजे दाब. हवेचा दाब."

"हवेचा?"

"हवेले वजन असते. आपल्या डोक्यावर सगळी हवा बसून असते, आपल्याले समजत नाई एवढंच." तिनं चुलीतल्या जाळाकडं बोट केलं. "हे पाहा. जाळावरची हवा तापली, हलकी झाली, वर गेली. आता दारातून राख कोनीकडं जाऊन राह्यली?"

नागोरावांनी पाहिलं. दारातल्या झुळकेसरशी जमिनीवरची राख हळूहळू चुलीकडं सरकत होती.

"हवा हलकी झाली का तिथं जागा रिकामी झाल्यासारखी होते. मंग आजूबाजूची जड हवा तिकडं धावते. आमच्या सारनं नकाशा काढून सांगतलं होतं. उन्हाळ्यात उत्तरेकडली जमीन तापते, तिथला दाब उतरते, म्हनून समुद्रावरची हवा पानी घेऊन देशभर धावते. थोच मृगाचा पाऊस. दिवाळीनंतर जमीन थंडी होते, हवा जड होऊन बसते, आभाळ कोरडं राहते. पन पूर्वेचा समुद्र तवाही कोमटच असते. त्याच्यावरची हवा कुठंतरी हलकी होते, दाब कमी होते. थे अल्पपीडनं. मंग चारी बाजूंनी वारा फिरत फिरत तिकडं येते, आन थो सगळा गोंधळ पानी घेऊन जमिनीवर चालत येते. कधी आपल्यापावतर येते, कधी मधातच विरते."

"म्हंजे कमी म्हंजे..."

"कमी म्हंजे वाईट, मामाजी. जितकं कमी तितकं वाईट."

नागोराव राखेकडं बघत राहिले. कचेरीत इतकी वर्षं काढली, साहेबांच्या हाताकडं बघून कामं उरकली. आपल्याला कळत नाही, हे कोणाला कळू दिलं नाही. आणि कळणारं माणूस घरात, हातभर अंतरावर, भाकरी थापत होतं.

"मी बोलायले पायजे होतं," विमल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "वच्छलाबाईची कनसं पाहिली का मले..."

"तुमी बोलल्या होत्या," नागोराव म्हणाले. "मीनं पानी आनाले लावलं." आणि उठून बाहेर गेले. सुनेच्या डोळ्यांतलं पाणी बघायला त्यांना तोंड नव्हतं.

त्यानंतर ओसरी निम्मी रिकामी झाली. लोक गाण्यापुरते यायचे. बातम्या लागल्या की चंपत म्हणायचा, "लावा, तेवढंच हसू येईन." "थोडीशी पीडा" हा गावात वाक्प्रचारच होऊन बसला. कोणाचा बैल लंगडला, कोणाची सून रुसली, की थोडीशी पीडा हाय म्हणायचे. नागोरावही हसायचे. लोक अजून त्यांना नागोरावच म्हणत होते, आणि दर वेळी तो "राव" त्यांना चोरून आणलेल्या वस्तूसारखा टोचायचा. वच्छलाबाईनं त्या वर्षी कण्या खाऊन दिवस काढले. वाटेत दिसली की विचारायची, "कसे आहात, भाऊ?" तिनं तोंड फिरवलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी प्रयागबाईच्या हाती तिच्याकडं दोन पायल्या ज्वारी पाठवली. तिनं ती घेतली आणि सगळ्या आळीला सांगितलं, "नागोराव भाऊचं मन मोठं." ते ऐकून नागोराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

संध्याकाळी कोणी नसलं की ते विमलला म्हणायचे, "हा शब्द काय झाला?" ती आतून सांगायची. अशी त्यांची शिकवणी चालली. पण साठीला आलेली जीभ कितीशी वळणार.

वर्ष फिरलं. पुन्हा खळ्यांवर कणसं पडली. एका संध्याकाळी ओसरीवर दहा-बारा माणसं होती, वच्छलाबाईही. हैदराबादचं हवामान लागलं. या वेळी सेल नवे होते, आवाज स्वच्छ होता. नागोरावांना "अल्पपीडनं" ऐकू आलं आणि त्याच्या पुढं एक नवा शब्द, "वायुगुंडं". तो त्यांना लागला नाही. पण आतल्या थापण्याचा आवाज थांबला, हे त्यांनी ऐकलं.

"आली, आली!" चंपत ओरडला. "थोडीशी पीडा आली!"

सगळे खो खो हसले. वच्छलाबाईसुद्धा.

नागोरावांची कानशिलं तापली. आपण काही सांगितलं तरी आता कोणी खळ्यावरून एक कणीस हलवणार नाही, हे त्यांना दिसत होतं. रेडिओ खोटा ठरला होता, आणि खोटा त्यांनीच ठरवला होता. ते उभे राहिले आणि दाराकडं वळले.

"सूनबाई, बाहेर या."

आतून प्रयागबाई म्हणाली, "अवं, काय करून राह्यले? एवढ्या बाप्यायत?"

"या म्हनतो नं. थे काय बोलले, तुमी सांगा."

विमल डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. हातांना पीठ होतं. ती भिंतीकडं बघत बोलली, पण चाचरली नाही. "समुद्रात कमी दाबाचं झालं होतं, थे आता वाढलं म्हनते. जमिनीकडं येऊन राह्यलं. आपल्या जिल्ह्याचंही नाव घेतलं. दोन दिवसांत जोराचा पाऊस येऊ शकते."

"मंग मागच्या साली काऊन नाई सांगतलं त्यानं?" चंपत म्हणाला.

"सांगतलं होतं," नागोराव म्हणाले. "रेडिओ खरं बोलला. खोटं मी सांगतलं. मले तेलुगू येत नाई."

कोणी हसलं नाही. चंपत तोंड उघडून बघत राहिला. एकजण खोकला. नागोरावांना वाटत होतं, आता कोणीतरी काहीतरी बोलावं, शिवी का असेना.

वच्छलाबाई उठली. तिचा आवाज चढला नव्हता.

"नाई येत तं नाई येत. मले तरी कुठं येते? पन मंग माह्या खळ्यावर बसून, माह्यासंगं, त्या रेडिओले शिव्या काऊन देल्या?"

वर्षभर नागोराव ज्या प्रश्नाला भीत होते, तो हा नव्हता. त्यांना वाटलं होतं, ती आपल्या कणसांचं विचारील.

"मी लोकायले सांगत फिरली, नागोराव भाऊचं मन मोठं," ती म्हणाली. मग विमलकडं वळली. "पोरी, कवापावतर येईन?"

"परवापावतर, मावशी. कदाचित नाई बी येनार. पन झाकलेलं बरं."

वच्छलाबाई पायऱ्या उतरून गेली. मागोमाग बाकीचे गेले. रेडिओवर कोणी बाई गात होती, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

सकाळी गाव खळ्यांवर लोटलं. टोपली, गाड्या, पोती, जे मिळेल ते घेऊन लोक कणसं आत नेत होते. नागोराव कचेरीला गेले नाहीत. ते सरळ वच्छलाबाईच्या खळ्यावर गेले आणि वाकून टोपल्यात कणसं भरू लागले.

"ठेवा थे," वच्छलाबाई म्हणाली. "माह्या कनसाले हात नका लावू."

नागोराव वाकलेले तसेच थांबले. हे शब्द त्यांनी लहानपणी ऐकले होते, याच खळ्यावर, आईच्या पाठीमागं उभं राहून. आताचे शब्द रागाचे होते की तेच जुने, विटाळाचे होते, हे त्यांना कळेना. आणि विचारायचा हक्क आपण गमावून बसलो, असं त्यांना वाटलं. रागाचे असतील तर ते आपण कमावलेले. जुने असतील, तर ते पुन्हा तिच्या ओठांवर आणून देणारे आपणच. त्यांनी टोपलं खाली ठेवलं. बांधाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं विमल आली. वच्छलाबाईनं तिला काही म्हटलं नाही. त्या दोघींनी सगळी कणसं चंपतच्या गोठ्यात नेली. विमलचे हात सोलवटले होते. नागोराव बांधावरून बघत होते. त्यांच्याच वस्तीतली, त्यांच्याच घरातली पोर ती कणसं वाहत होती, म्हणजे शब्द रागाचेच असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेवढ्यानं बरं मात्र वाटलं नाही.

पाऊस आला. मागच्यासारखा नाही. वाटेतच त्याचा जोर मोडला होता. एक रात्र नि एक दिवस पडला आणि चांद्याकडं सरकला. तरी उघडी असती तर कणसं भिजलीच असती. गावात कोणी नागोरावांना शाबासकी दिली नाही, आणि त्यांनाही ते बरं वाटलं.

पुढं काटा नागपूरवर गेला, गाण्यांसाठी. हवामानापुरता हैदराबादवर यायचा. त्या वेळी विमल उंबऱ्यात येऊन बसू लागली. मग तिच्याशेजारी आळीतल्या बाया बसू लागल्या. बाप्यांची सतरंजी आपोआप आखडली. नागोरावांनी स्वतःची जागा खालच्या पायरीवर केली. चंपत थोडे दिवस त्यांना "तेलुगू पंडित" म्हणून चिडवायचा, मग कंटाळला. कचेरीतही एकदा साहेबांनी काही सांगितलं, तेव्हा "सरे सार" जिभेवर आलं होतं. त्याऐवजी नागोराव म्हणाले, "समझा नहीं, साब. फिर से बोलो." साहेबांनी कपाळाला आठी घातली आणि पुन्हा सांगितलं, हिंदीत. आभाळ काही कोसळलं नाही. हे इतकं सोपं होतं, याचीच त्यांना नवी लाज वाटली.

वच्छलाबाई दोन हंगाम त्यांच्या ओसरीवर चढली नाही. विमलला मात्र वाटेत गाठून विचारायची. नागोराव समोर आले तर "राम राम" म्हणायची, नाव न घेता.

नागोराव निवृत्त झाले त्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास, ती अंगणात येऊन उभी राहिली. विमल विहिरीवर गेली होती. रेडिओ सुरू होता, नागोराव एकटेच होते.

"काय म्हनते?" तिनं विचारलं.

"दाबाचं काहीतरी म्हनलं," नागोराव म्हणाले. "कुठं झाला, किती, थे मले नाई समजलं. सूनबाई येते आता. तिले विचारतो."

वच्छलाबाईनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग डोक्यावरचा भारा खाली उतरवला आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, विमलची वाट बघत.